ऑपरेशनच्या वेळी आत्या जाग्या असतील

सातारा जिल्ह्यातल्या एका सुनेचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, अशी तिची विनंती आहे. तिच्या सासूबाई ७१ वर्षांच्या, ती त्यांना आत्या म्हणते. आयुष्य शेतात गेलं. उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर दोन वर्षांपासून काळपट गाठ होती, घरात सगळे तिला चामखीळच म्हणत होते. मग गाठीवर खपली धरायला लागली. तोंड पुसताना खपली निघायची आणि पदराला रक्ताचा ठिपका लागायचा. पुण्यातल्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, भूल पापणीपुरतीच देऊ, सकाळी या, संध्याकाळी घरी जा.

तिथून घरात वाद सुरू झाले. थोरले दीर म्हणतात, "खराच कॅन्सर असता तर संध्याकाळी घरी सोडलं असतं का? एक तर कॅन्सर नाही, नाहीतर डॉक्टर धड नाही." चुलत सासऱ्यांचं म्हणणं, न्यायचं तर टाटालाच न्या, नाहीतर चाकू लावूच नका, चाकू लागला की पसरतं. नणंदेच्या मुलीचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय, तेव्हा जे काय करायचं ते लग्नानंतर, असं नणंद म्हणते. नवरा म्हणतो, दादा म्हणेल तसं. सासूबाईंना "साधी गाठ आहे" एवढंच सांगितलं आहे. पत्राच्या शेवटी ती लिहिते, "दवाखान्यात मीच नेणार, औषधं मीच घालणार, पण मला कुणी विचारत नाही. एका दिवसात उरकणाऱ्या ऑपरेशनवर मी विश्वास ठेवावा का?"

ताई,

तुम्ही पाठवलेला रिपोर्ट मी दोनदा वाचला. मी चौतीस वर्षं डोळ्यांची डॉक्टर म्हणून काम केलं, आता दवाखाना बंद केला आहे, आणि आत्यांचा डोळा मी पाहिलेला नाही. त्यामुळे नेमकं कसं कापायचं ते त्यांच्या डॉक्टरांवर सोडू. तुमच्या घरात जे बोलणं चाललंय, ते मात्र मी वेगवेगळ्या घरांतून इतक्यांदा ऐकलंय की दिरांचा आवाजही ओळखीचा वाटला.

त्यांचा हिशेब सरळ आहे: आजार मोठा तर मुक्काम मोठा. पण तुमच्या गावात मोतीबिंदू झालेली किती माणसं आहेत बघा. आत्यांच्या आईच्या पिढीत मोतीबिंदू काढला की डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून माणसाला दिवसचे दिवस उताणं झोपवायचे. आज तोच माणूस दुपारी काळा चष्मा लावून एसटीने घरी येतो. मोतीबिंदू खोटा होता, असं कुणी म्हणत नाही. मुक्काम ठरतो तो भूल कसली, रक्त किती जाणार आणि नंतर सलाइन-इंजेक्शनांची गरज किती, यावर. पापणीच्या कातडीची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. ती बधिर करायला बारीक सुईची दोन-तीन टोचणी पुरतात. त्यानंतर रात्रभर खाटेवर ठेवून डॉक्टर वेगळं काही करणार नसतात, म्हणून घरी सोडतात. रात्रीचं काम मग तुमच्याकडे येतं. ते काही हलकं नसतं, त्याबद्दल पुढे लिहिते.

दिवस जातो कशात, तेही समजून घ्या. गाठ काढायला अर्धा तास लागला तरी खूप. डॉक्टर जांभळ्या शाईने गाठीभोवती रेघ आखतात, बुबुळाला धक्का लागू नये म्हणून त्यावर एक वाटीसारखं कवच बसवतात आणि रेघेवरून कापतात. कापलेल्या तुकड्याची वरची बाजू कुठली, नाकाकडची कुठली, हे कळावं म्हणून त्याला टाका किंवा रंग लावून ठेवतात. तो तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो. तिथे तो जागीच गोठवून, पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. तोपर्यंत आत्या पट्टी बांधून पडून राहणार. कडा स्वच्छ निघाल्या तर पापणी शिवायला घेतात. कुठे पेशी उरलेल्या दिसल्या तर नेमकी तीच बाजू आणखी थोडी कापतात आणि पुन्हा वाट बघतात. म्हणजे सकाळी नऊला आत गेलेलं माणूस चारला बाहेर आलं तर काही बिघडलं असं समजू नका. डॉक्टर एका दिवसात उरकतायत, असं दीर म्हणतात ना? मी तर ज्यांनी तासाभरात उरकलं त्यांना विचारेन, कडा कुणी तपासल्या?

मोह्ज सर्जरी हे नाव कुणी सुचवलं तर तीही याच कुळातली. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये फ्रेडरिक मोह्ज नावाचे सर्जन १९३०च्या दशकात कॅन्सरच्या गाठीवर झिंक क्लोराइडचा लेप लावायचे. लेपाखालचं मांस जागच्या जागी मरून घट्ट व्हायचं. मग एक थर कापून तपासायचा, आणि जिथे मुळं उरली असतील तिथे पुन्हा लेप. हे काही दिवस चालायचं आणि ठणका जबर असायचा. १९५३ मध्ये पापणीच्या एका कॅन्सरवरच्या उपचाराचं चित्रीकरण चालू होतं. वेळ वाचावा म्हणून पुढचा थर त्यांनी लेपाशिवाय, नुसती भुलेची सुई देऊन ताजाच कापला आणि तपासला. ते जमलं. पापणीसाठी ते तसंच करू लागले आणि पुढे लेप मागे पडला. एका दिवसात होणाऱ्या या कामाची सुरुवात झाली ती अशी पापणीपासून. आपल्याकडे मोह्ज पद्धतीने करणारी केंद्रं मोजकी आहेत. बहुतेक ठिकाणी फ्रोझन सेक्शनवर काम चालतं, आणि ते नीट केलं तर चांगलं होतं.

लेपावरून आठवलं. चामखिळीला चुना आणि पापडखार लावून जाळणारी माणसं आपल्या भागात अजून आहेत. तुमच्या घरात कुणी तो उपाय काढला तर तिथेच थांबवा. मोह्ज यांच्या लेपामागे सूक्ष्मदर्शक होता, इथे वरची कातडी जळून भरून येते आणि खाली गाठ वाढतच राहते. शिवाय चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं, ते वेगळंच.

आता गाठीच्या आकाराकडे येते, कारण घरात कुणी हा हिशेब मांडलेला दिसत नाही. रिपोर्टात गाठ ८ मिलिमीटर आहे. सगळे म्हणतात तशी, ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी. पण गाठ काढताना तिच्याभोवतीची तीन-चार मिलिमीटर चांगली दिसणारी कातडीही घ्यावी लागते, कारण हा कॅन्सर वर दिसतो त्यापेक्षा खाली पसरलेला असतो. आठ अधिक दोन्ही बाजूंचे चार-चार, झाले सोळा. खालची पापणी सगळी मिळून साधारण तीस मिलिमीटर लांब. म्हणजे जवळजवळ अर्धी पापणी जाऊ शकते. पाव ते तिसरा हिस्सा गेला तर दोन कडा ओढून सरळ शिवता येतात, आणि वयाने सैल झालेली कातडी इथे उलट उपयोगी पडते. अर्धी गेली तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडून, कानशिलाच्या बाजूची कातडी अर्धवर्तुळात सरकवून आणतात. त्याहून जास्त गेली तर वरच्या पापणीच्या आतला भाग खाली ओढून नवी पापणी उभी करतात, आणि तेवढे दिवस, बहुधा तीन-चार आठवडे, तो डोळा शिवून बंद ठेवतात. नंतर छोटं दुसरं ऑपरेशन करून उघडतात.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: "डोळा बंद ठेवायची वेळ येईल का?" आणि लगेच दुसरा: "डावा डोळा कसा आहे?" तुमच्या पत्रात डाव्या डोळ्याबद्दल एक शब्द नाही. ७१व्या वर्षी त्यात मोतीबिंदू असण्याची शक्यता भरपूर. तो पिकलेला असेल आणि उजवा महिनाभर शिवलेला, तर आत्या महिनाभर आंधळ्यासारख्या होतील. रात्री मोरीपर्यंत जायला त्यांना तुमचा हात लागेल. असं असेल तर डाव्याचा मोतीबिंदू आधी काढायचा की पापणी शिवायची दुसरी पद्धत घ्यायची, हे आधीच ठरवता येतं. ऑपरेशन टेबलावर ठरवायची ही गोष्ट नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र निवडलं तिच्याबद्दल.

तुम्ही सगळ्यांनी मिळून आत्यांना "साधी गाठ" सांगितलं आहे. हेतू चांगला, मला त्यात शंका नाही. पण भूल पापणीपुरती आहे. आत्या जाग्या असतील. चेहऱ्यावर हिरवं कापड, एका डोळ्यापुरतं भोक, वरून दिव्याचा उजेड. रक्त थांबवायला तापवलेल्या टोकाचा चर्र आवाज आणि जळल्याचा वास. कान मोकळेच. डॉक्टर सिस्टरशी बोलणार, पॅथॉलॉजिस्टचा फोन येणार. पापणीच्या ऑपरेशनमध्ये पेशंटपासून आजार लपवणं निव्वळ व्यवहाराच्या हिशेबानेही जमत नाही.

२०२१च्या सुमाराला मी एका सहकाऱ्याला मदत करायला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, उभी होते. टेबलावर एक साठीच्या बाई होत्या. मुलांनी बजावून सांगितलं होतं की आईसमोर कॅन्सर हा शब्द काढायचा नाही. आम्ही तो पाळला. पण लॅबचा फोन आला आणि सहकारी सवयीने म्हणाले, "आतली कड पॉझिटिव्ह आहे." म्हणजे त्या कडेला कॅन्सरच्या पेशी उरल्या होत्या. कापडाखालून आवाज आला, "डाक्टर, मला कोरोना झालाय का?" कुणाला हसू आलं नाही. त्यांचं बीपी चढलं, पापणीतून रक्त वाहायला लागलं, आणि पुढची वीस मिनिटं आम्ही कापायचं सोडून त्यांना शांत करत बसलो. समजवायचं तरी काय? कोरोना नाही म्हणून सांगितलं. मग काय आहे, ते सांगायची आम्हाला परवानगी नव्हती.

त्यामुळे आत्यांना सांगा. आणि ते तुम्ही सांगा, कारण त्या दिवशी दाराबाहेर तुम्ही असणार आहात. सांगायला फार मोठं भाषण लागत नाही. "आत्या, पापणीवरची ती गाठ कॅन्सरची निघाली. हा कॅन्सर सहसा अंगात दुसरीकडे जात नाही, पण जागेवर पोखरत राहतो, म्हणून काढायचाय. त्या दिवशी तुम्हाला झोपवणार नाहीत. मी बाहेरच बसलेली असेन." मग गप्प बसा. त्या रडतील, किंवा विचारतील, "खर्च किती?" आमच्या बायका पहिल्यांदा खर्चच विचारतात. आणि संमतीपत्रावर सही त्यांचीच लागते, तुमची किंवा दिरांची नाही. कशावर सही करतोय हे माहीत नसलेल्या माणसाची सही घेणं मला कधीच बरं वाटलं नाही.

चाकू लागला की पसरतं, हा समज कुठून आला असावा याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझा अंदाज असा की लोकांनी अर्धवट काढलेल्या गाठी परत येताना पाहिल्या. परत आली की दोष चाकूला. तुकडा काढून तपासल्याने हा कॅन्सर पसरत नाही. उलट न तपासता काढणं धोक्याचं, आणि ते मी स्वतः केलेलं आहे. एका निवृत्त शिक्षकांच्या वरच्या पापणीवर रांजणवाडीसारखी गाठ होती. मी चिरा दिला, आतलं खरवडून काढलं आणि टाकून दिलं. चार महिन्यांनी तिथेच परत आली. पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्या जागच्या पापण्यांचे केस गळालेले दिसले, आणि मग मला शहाणपण सुचून मी तुकडा लॅबला पाठवला. तो पापणीतल्या तेलग्रंथींचा कॅन्सर होता. पाश्चात्त्य देशांत हा कमी दिसतो, आपल्याकडे बराच दिसतो. तो तुमच्या आत्यांच्या कॅन्सरसारखा मवाळ नसतो, कानापुढच्या आणि मानेतल्या गाठींपर्यंत जातो. सरांचा डोळा वाचला, पण ते आठ-नऊ महिने माझ्यामुळे फुकट गेले. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते: पन्नाशीनंतर एकाच जागी परत परत येणारी रांजणवाडी, महिनोन्‌महिने लाल राहणारी एकाच डोळ्याची पापणी, केस गळालेला पापणीचा एक तुकडा, खपली धरून रक्त येणारा "तीळ", यातलं काहीही असेल तर तपासल्याशिवाय काढू देऊ नका आणि काढलेलं टाकू देऊ नका. आपल्या सावळ्या कातडीत बेसल सेल बऱ्याचदा काळाच असतो, म्हणून तो चामखिळीत खपून जातो. आत्यांचा खपला तसाच.

टाटाचं म्हणाल तर चुलत सासऱ्यांना खोडून काढू नका. परळचं टाटा १९४१ पासून उभं आहे आणि माणसाचा त्या नावावर विश्वास बसतो, तो उगीच नाही. पण आत्यांच्या कामाला तीन गोष्टी लागतात: पापणीची शल्यक्रिया रोज करणारा सर्जन, ज्याला ऑक्युलोप्लास्टीचा डॉक्टर म्हणतात, शेजारी फ्रोझन सेक्शन बघणारा पॅथॉलॉजिस्ट, आणि पुढची काही वर्षं तपासणीला जाता येईल एवढं अंतर. या तिन्ही पुण्यात मिळत असतील तर मुंबईचा हेलपाटा कशाला? मोठं कॅन्सर केंद्र गाठायचं ते गाठ नाकाकडच्या कोपऱ्यात असेल तर, कारण तिथून ती खोल जाते आणि अश्रूंची नळीही तिथेच असते. किंवा डोळा नीट फिरत नसेल, आधी काढलेली गाठ परत आली असेल, रिपोर्टात तेलग्रंथींचा किंवा स्क्वेमस सेल कॅन्सर लिहिला असेल, तर. रिपोर्टाप्रमाणे आत्यांची गाठ पापणीच्या मध्यावर आहे. तरीही दुसरं मत घ्यावंसं वाटलं तर काचेच्या स्लाइड आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळा लॅबमधून मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि त्यामुळे दुसरीकडे पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.

दिरांना पुढच्या खेपेला सोबत न्या. शंका ज्याची, त्यानेच डॉक्टरांना विचारावी. तुम्ही दोन्हीकडचे निरोप पोचवत बसू नका. पत्रात तुम्ही निर्णयाबद्दल लिहिलंय, पण मला वाटतं हे निरोप्याचं काम तुम्हाला जास्त जाचतंय. आणि यजमानांना सांगा, दादा म्हणेल ते म्हणू दे, पण रात्री दोनला मलम घालायची पाळी तुमची.

लग्नाचं. इथे नणंदेची बाजू वाटते तेवढी चुकीची नाही. हा कॅन्सर महिन्यांच्या हिशेबाने वाढतो, दोन वर्षांत आठ मिलिमीटर झाला. डॉक्टर हो म्हणाले तर सहा-सात आठवडे थांबल्याने बहुधा फार फरक पडणार नाही. रिपोर्ट दुसऱ्या जातीचा असता तर मी एक दिवस थांबा म्हटलं नसतं. आधी केलं तर काय? सरळ शिवलं किंवा कातडी सरकवली तर एक-दोन आठवड्यांत टाके निघतात, डोळ्याभोवतीचं काळंनिळं दोन-तीन आठवड्यांत उतरतं. पाचव्या आठवड्यात आत्या लग्नात बसू शकतील, डोळा थोडा पाणावलेला असेल एवढंच. डोळा बंद ठेवावा लागला तर मात्र त्या लग्नात एका डोळ्यावर पट्टी असेल. ही दोन्ही चित्रं आत्यांसमोर ठेवा आणि त्यांना विचारा. नातीच्या लग्नात पट्टी चालेल की नाही, हे नणंदेने का ठरवायचं?

लग्नानंतर करायचं ठरलं तर तारीख आजच पक्की करून घ्या, ओटीच्या वहीत नाव लिहिलेली. नाहीतर लग्नानंतर पाचपरतावण, मग पेरणी, मग वारी, आणि दिवाळीला तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल. मधल्या काळात गाठ भराभर वाढली, दुखायला लागली किंवा रक्त थांबेना, तर लग्नाची वाट बघायची नाही.

पैशांचं थोडक्यात. आरोग्य विमा असेल तर बिलावर "डे-केअर" असणं महत्त्वाचं. चोवीस तासांच्या आत घरी सोडलं तरी भूल देऊन, ओटीत केलेली डे-केअर शस्त्रक्रिया पॉलिसीत सहसा बसते. तेच काम ओपीडीचं म्हणून लिहिलं गेलं तर विमा कंपनी हात वर करते. म्हणून आधी कंपनीची पूर्वमंजुरी घ्या. विमा नसेल तर सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं. आत्या त्यात बसतात. महात्मा फुले योजनेचंही विचारा. मात्र हे ऑपरेशन त्या रुग्णालयात कुठल्या पॅकेजमध्ये बसतं, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडून, तारीख घ्यायच्या आधी लिहून घ्या. खर्च सांगताना गाठ काढणं, फ्रोझन, पापणी शिवणं आणि शेवटचा रिपोर्ट हे चार आकडे वेगवेगळे विचारा, कारण पहिलाच आकडा सांगून बाकीचे नंतर निघण्याचा अनुभव पुष्कळांना येतो.

औषधांबद्दल एक. आत्या हृदयासाठी किंवा कशासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ती मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन दोघांनी मिळून ठरवायचं. मधुमेह असेल तर उपाशी यायचं की खाऊन, आणि सकाळची गोळी घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. रिकाम्या पोटी साखरेची गोळी घेऊन बसलेले पेशंट वेटिंग रूममध्येच घामाघूम झालेले मी पाहिलेत.

आणि आता ती रात्र. संध्याकाळी घरी सोडतात हे खरं, पण दवाखान्याच्या मनातलं घर कोथरूडला असतं, तुमचं खंबाटकी घाटाच्या पलीकडे आहे. पहिली रात्र पुण्यात काढा, नातेवाइकाकडे किंवा दवाखान्याजवळच्या लॉजवर. डोक्याखाली दोन उशा द्या. पट्टीवर बर्फ लावायचा की नाही ते विचारून घ्या. एका डोळ्यावर पट्टी असली की पायरीचा अंदाज चुकतो, म्हणून मोरीचा दिवा रात्रभर चालू ठेवा. डॉक्टरांचा रात्री उचलला जाईल असा नंबर कागदावर लिहून घ्या, मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. पट्टी थोडी ओली होईल, थोडं दुखेल, ते चालतं. रक्त ठिबकायला लागलं तर आत्यांना बसवून स्वच्छ गॉझने पंधरा मिनिटं सलग दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघू नका. पंधरा मिनिटांनीही थांबलं नाही तर फोन करा. डोळ्यात एकदम जोराची कळ, डोळा बाहेर ढकलल्यासारखा वाटणं किंवा अंधारून येणं, यातलं काही झालं तर सकाळ होऊ देऊ नका, आहे त्या वेळी दवाखाना गाठा.

नंतरचे दोन आठवडे वाकून झाडणं नाही, कळशी उचलणं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, चुलीचा आणि उदबत्तीचा धूर नाही. आत्या काजळ घालत नसतील, पण शेजारीण येऊन तुपाचं बोट लावून जाईल, तिच्यावर लक्ष ठेवा. साधारण आठवड्याभराने पक्का रिपोर्ट येतो. फ्रोझन घाईत बघितलेलं असतं, खरा शब्द या रिपोर्टचा. क्वचित त्यात एखादी कड राहिलेली निघते आणि पुन्हा थोडं काढावं लागतं. तसं झालं तर दीर म्हणतील, बघा, मी म्हणत होतो. म्हणू द्या. रिपोर्टची झेरॉक्स काढून ठेवा आणि वर्षातून एक-दोनदा तपासणीला न्या, कारण एकदा हा झालेल्या माणसाला चेहऱ्यावर दुसरीकडे नवा होऊ शकतो. शेतात जाताना डोक्यावर पदर असतोच, पण तो कपाळापर्यंतच येतो. गालावर आणि पापणीवर ऊन तसंच पडतं. रुंद काठाची टोपी आत्या घालतील असं मला वाटत नाही, निदान गडद चष्मा घाला म्हणावं.

तो चष्मा आताच घ्या, ऑपरेशनच्या आधी. दोन्ही बाजूंनी झाकणारा, पट्टीवरून बसेल एवढा मोठा. लग्नात लागला तर लागला. आणि घ्यायला जाताना आत्यांना सोबत न्या, दुकानात आरशासमोर त्यांनाच निवडू द्या.